सोळाव्या नंबरची गायिका

फिलुमेना प्सायला बाईंनी माल्टाच्या गोझो बेटावरच्या आपल्या गावात चाळीस वर्षं मुलांना सूर वाचायला शिकवलं, आणि त्या चाळीस वर्षांत स्वरलिपीचं पान न वाचता वाजवायला लागलेलं एकही पोर बोलणी न खाता घरी गेलं नाही. ‘आधी पान वाचा, मग तोंड उघडा,’ हे त्यांचं वाक्य बँड क्लबच्या भिंतींनाही पाठ असेल. गावातले टक्कल पडलेले बाप्येसुद्धा बाई समोरून येताना दिसल्या की अजून सिगारेट पाठीमागे लपवत. बाईंना ते आवडायचं. आपला धाक कुणाला आवडत नाही!

तर अशा या बाईंनी गेल्या मे महिन्यात पान न वाचताच एक कागद भरला, आणि त्यापायी परक्या देशातल्या एका गुणी मुलीचं नुकसान करून बसल्या.

युरोपची गाण्याची स्पर्धा म्हणजे माल्टाच्या बेटांवर केवढं प्रकरण असतं! त्या आठवड्यात कुणी लग्नाची तारीख धरत नाही, दाताचे डॉक्टर रिकामे बसतात आणि पाद्रीसुद्धा प्रवचन आटोपतं घेतात. प्रत्येक देशात पाच जाणकार पंच असतात, बाकीची जनता फोनवरून मतं देते, आणि दोन्ही मिळून निकाल लागतो. यंदा पंचांत बाईंचं नाव लागलं तेव्हा गावाने फक्त चर्चची घंटा वाजवायची बाकी ठेवली होती. पंचांतला दुसरा एक जण त्याच गावचा, नेनू श्वेरेब. हा लग्नांत अकॉर्डियन वाजवायचा. बाईंचा जुना विद्यार्थी, आणि बाटलीचा त्याहून पक्का मित्र.

उपांत्य फेरीत सोळा गाणी होती. त्यातलं एक एस्टोनियाच्या तूली राउद या मुलीचं. ना धूर, ना आग, ना मागे नाचणारी मंडळी. लाकडी खुर्चीवर बसली, मांडीवर तारांचं एक छोटं वाद्य घेतलं आणि गायली. बाईंना गाणं ऐकून रडू येत नाही. त्या दिवशी मात्र दोनदा चष्मा पुसावा लागला. त्यांनी तिच्या नावापुढे ठसठशीत सोळा लिहिले. गावच्या उत्सवात मुलांच्या गाण्यांना गुण द्यायची पद्धतच तशी होती. जितकी मुलं तितके गुण, म्हणजे सोळा मुलं असली तर सगळ्यांत चांगल्याला सोळा आणि सगळ्यांत बेसुऱ्याला एक. सोनेरी चड्ड्या घालून सोफ्यावर उड्या मारणारे तिघं होते, त्यांना बाईंनी तो एक दिला, आणि तोही जिवावर आल्यासारखा.

स्पर्धेच्या कागदावर मात्र गुण द्यायचे नव्हते, क्रमांक लावायचे होते. एक म्हणजे पहिला, सोळा म्हणजे शेवटचा. तसं तिसऱ्या पानावर स्पष्ट छापलं होतं. बाईंनी तिसरं पान उलटलंच नाही. आपल्याला काय कुणी शिकवायचंय गुण द्यायला!

तूलीची अंतिम फेरी तीन गुणांनी हुकली. आठवड्याभराने सगळ्या देशांच्या पंचांचे कागद जाहीर झाले. नावं झाकलेली होती, नुसती अ, ब, क, ड, इ अशी अक्षरं. बाई चहाचा ग्लास घेऊन वाचायला बसल्या. ‘ड’च्या रकान्यात सोनेरी चड्डीवाले पहिले आणि तूली सोळावी. कोण हा गाढव, असं म्हणून त्यांनी रकाना पुन्हा वाचला, मग खालून वर वाचला, आणि चहाचा ग्लास बाजूला ठेवला. खालून वर वाचला की तो त्यांचाच कागद होता.

इकडे बेटाला गुन्हेगार सापडायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. पाचांत दारू पिणारा कोण? नेनू! ठरलं तर मग. पोरं त्याला ‘ए सोळा’ म्हणून हाका मारू लागली, आणि ज्यांच्या आईबापांच्या लग्नात त्याने वाजवलं होतं त्यांनी आपल्या लग्नाला दुसरा वाजवणारा बोलावला. नेनू कुणाला एका शब्दाने काही बोलला नाही. बाईही बोलल्या नाहीत. रोज सकाळी ‘आज सांगून टाकते’ म्हणून उठायच्या, रस्त्यात कुणीतरी अदबीने टोपी काढायचं आणि बाई नुसतं ‘कसं काय’ म्हणून पुढे जायच्या. असे पाच महिने गेले. मधेच एका वर्तमानपत्रात तूलीची छोटी मुलाखत आली. ती म्हणाली होती, ‘माल्टातल्या एका माणसाने मला शेवटी ठेवलं ते विसरता येत नाही. फोनवाले चहा पिता पिता मत देतात, पण पंचाने कान देऊन ऐकलेलं असतं. तो शेवटी ठेवतो म्हणजे काहीतरी कारण असणार.’ तिने स्टेजवर गाणं सोडलं होतं आणि ती बालवाडीत शिकवायला लागली होती. ते कात्रण बाईंच्या प्रार्थनेच्या पुस्तकात होतं. प्रार्थनेला बसलं की तेच आधी हाताला लागायचं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, सकाळची प्रार्थना आटोपल्यावर, बँड क्लबच्या मोठ्या खोलीत सभा भरली. स्पर्धेच्या वरच्या मंडळाने प्रत्येक देशाकडून मत मागवलं होतं: पंच ठेवायचे की काढून टाकायचे, आणि ठेवायचे तर नियमांत काय बदल करायचे? माल्टाच्या टीव्ही वाहिनीने ठिकठिकाणच्या रसिकांच्या सभा ठेवल्या होत्या. गोझोची सभा इथे, कारण क्लबचा अध्यक्ष विस्तीन हा रसिक मंडळाचाही अध्यक्ष होता. विस्तीनची बेकरी होती आणि आवाज असा की समोरच्या गल्लीत पाव विकायला ओरडावं लागत नसे. वाहिनीकडून ग्रात्सिएला नावाची एक शांत बाई टिपणं घ्यायला आली होती. सत्तरेक माणसं, चीज भरलेल्या गरम, खुसखुशीत पास्तीत्सींच्या परड्या, आणि जो तो एकदमच बोलतोय.

“एकेकाने बोला!” विस्तीन गरजला. “लोरेता, तू बोल. नाहीतरी तू थांबणार नाहीसच.”

लोरेता औषधांच्या दुकानात बसायची, आणि गावाला सर्दीवर काय घ्यावं यापासून मत कुणाला द्यावं इथपर्यंत सगळं सांगायची. ती उठली. “माझं म्हणणं सरळ आहे. पंच काढून टाका. पाच माणसांच्या हातात अर्धा निकाल कशाला? लाखो लोक फोन करतात ते काय मूर्ख आहेत?”

“लाखो लोक आपल्या शेजाऱ्याला मत देतात,” मागून एक म्हातारा म्हणाला. “नॉर्वे स्वीडनला देतं, सायप्रस ग्रीसला देतं. आपले शेजारी कोण? मासे! माशांकडे फोन आहे का?”

खोलीत हशा पिकला.

“मेलबर्नला माझी आत्या आहे ना,” एक बाई म्हणाली. “ती वीस वेळा फोन करते आपल्यासाठी.”

“तेच तर! आत्यांच्या जोरावर जिंकायचं का आपण?” म्हातारा म्हणाला. “आपल्यासारख्या टिचभर देशाला पंचच तारतात. गाणं बघतात, नकाशा बघत नाहीत.”

“गाणं बघतात?” लोरेताने कमरेवर हात ठेवले. “मे महिन्यात काय बघितलं ते सगळ्या युरोपने पाहिलं. ती एस्टोनियाची पोर शेवटी आणि चड्डीवाले पहिले! माझ्या नणंदेचा जावई तिकडच्या जहाजावर आहे, त्याला लोक विचारतात, तुम्ही माल्टावाले ऐकता कानांनी की कशाने? एका दारुड्याने आपलं नाक कापलं. आणि तुम्ही म्हणता पंच ठेवा!”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तिथे नेनू भिंतीला टेकून उभा होता, हातात चहाचा ग्लास. त्याने मान खाली घातली.

“बोल ना रे सोळा!” कुणीतरी म्हणालं.

“काय बोलू?” नेनू हळूच म्हणाला. “चुकलं असेल माझं.”

बाईंनी ते ऐकलं. ‘असेल’ म्हणाला. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पाठ ताठ. आपल्याला नक्की कसली भीती वाटतेय, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं. लोक हसतील. हसू देत की! त्या माणसाला पाच महिने हसताहेत आणि तो मुकाट्याने ऐकून घेतोय. त्याला आठ वर्षांचा असताना आपणच शिकवलं होतं की चूक झाली तर हात वर करून सांगायचं. आणि आपण? बाईंचा हात वर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या खोलीत त्यांनी हात वर केला होता; एरवी इतर जण करायचे.

“बाई, तुम्ही?” विस्तीन गोंधळला. “बोला ना. तुम्हाला हात कशाला वर करायला हवा!”

“हवा,” बाई उठून म्हणाल्या. “तो कागद नेनूचा नाही. माझा आहे. ‘ड’ मी आहे.”

लोरेताचे कमरेवरचे हात खाली आले.

“मी सोळा दिले ते गुण म्हणून दिले. आपल्या उत्सवात देतो तसे. मला ती मुलगी सगळ्यांत जास्त आवडली होती. त्यांचं तिसरं पान मी वाचलंच नाही.” बाई वळून सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. “चाळीस वर्षं तुमच्या पोरांना पान वाचा म्हणून ओरडले. तुम्हालाही ओरडले. आणि स्वतः वाचलं नाही. वर पाच महिने गप्प बसले आणि या माणसाला शिव्या खाऊ दिल्या. नेनू, मला माफ कर. सगळ्यांसमोर मागते, कारण शिव्याही तू सगळ्यांसमोरच खाल्ल्यास.”

नेनू बघतच राहिला. त्याचा ग्लास कलंडून चहा बुटावर सांडला, तेही त्याला कळलं नाही.

“म्हणजे ते मी केलं नाही?” तो म्हणाला.

“तुला माहीत नव्हतं?”

“मला कुठून माहीत असणार, बाई? त्या दिवशी दोन ग्लास झाले होते माझे! मला वाटलं, मीच केलं असणार. सगळं गाव म्हणतंय म्हटल्यावर…” तो कपाळाला हात लावून हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. “मादोन्ना माउली! मी त्या पोरीपायी दारू सोडली हो! पाच महिने थेंबाला शिवलो नाही. म्हटलं, एकीचं गाणं बुडवलं, आता पुरे.”

“आणि आता परत सुरू करशील?” त्याची बायको मागच्या रांगेतून ओरडली. “खबरदार! बाई, तुमचे उपकार झाले! तुम्ही आणखी पाच वर्षं गप्प बसला असतात तरी चाललं असतं!”

सगळी खोली हसली, पण बाईंना हसता येईना. नेनू गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि त्याने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. “बाई, खरं सांगतो, राग आला नाही मला. आत्ता शोधतोय तो राग, पण सापडत नाहीये. मला सूर तुम्ही दिलेत. घरात खायला नव्हतं तेव्हा तुम्ही मला अकॉर्डियन दिलंत वाजवायला, आणि आता ही अक्कलही, चुकून का होईना, तुमच्यामुळेच आली. मी काय माफ करणार तुम्हाला?” बाईंनी त्याचे हात घट्ट धरले. त्यांनी नुसती मान हलवली. मनात मात्र एकच आलं, की आपण या माणसाला पाच महिने ओळखलंच नाही, आणि देवाचे आभार की आज तरी तो दिसला.

लोरेता मात्र मुद्द्यावर ठाम होती. “हे सगळं छान झालं. पण मग माझंच खरं ना? न पितासुद्धा पंच असा घोळ घालतात!”

“घालतात,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात शाळा परत आली होती. “म्हणून पंच काढू नका, त्यांना वाचायला लावा. कागद भरताना पंचाशी कुणी बोलायचं नाही असा नियम आहे. ठीक आहे, कुणी दबाव आणू नये म्हणून आहे तो. पण कागद दिल्यावर, सही करण्याआधी, पंचाने मोठ्याने सांगायचं: मला सगळ्यांत आवडलं ते हे, आणि सगळ्यांत नावडलं ते हे. एवढी दोन नावं. समोरचा अधिकारी कागदाशी ताडून बघेल. मी ‘तूली’ म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, बाई, तुम्ही तिला शेवटी टाकलंय. तिथल्या तिथे मिटलं असतं.”

“मग जुन्या निकालाचं काय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“तो बदलत नाही,” ग्रात्सिएला पहिल्यांदाच बोलली. “मी इथेच हिशेब करून पाहिला. कागद सुलटा असता तर ती अंतिम फेरीत असती. पण झालेला निकाल फिरवता येत नाही, तसा नियमच नाही.”

बाईंनी डोळे मिटले. त्यांना ते माहीत होतंच, तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं जड गेलं.

मतदान झालं. पंच ठेवा आणि त्यांना दोन नावं मोठ्याने म्हणायला लावा, या बाजूने पंचेचाळीस हात. काढून टाका, या बाजूने सव्वीस, त्यांत लोरेताचा हात सगळ्यांत उंच. ग्रात्सिएलाने ते लिहून घेतलं आणि सूचनेखाली बाईंचं नाव घातलं. मग वही मिटून ती बाईंजवळ आली.

“एस्टोनियाच्या वाहिनीला हे मला कळवावं लागेल. पत्र जाईल. पण तिचा नंबर मिळू शकतो. आधी तुम्ही स्वतः बोलणार का?”

नेनूची माफी मागणं सोपं होतं, तो घरचा होता. ही मुलगी काय म्हणेल? माझं गाणं घालवलंत, असंच म्हणेल. आणि तिला म्हणू द्यायला हवं. “लावा,” त्या म्हणाल्या.

स्वभावाप्रमाणे विस्तीनला फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा लावायचा होता, पण नेनूने त्याला दंड धरून बाजूला नेलं. बाई वाद्यांच्या खोलीत एकट्या गेल्या, दार लावलं आणि ढोलांच्या मधल्या खुर्चीपाशी उभ्याच राहिल्या. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग एक बारीक आवाज आला, आणि मागे कुठेतरी किटलीची शिट्टी.

दोघींचीही मातृभाषा नसलेल्या इंग्रजीत बाईंनी सगळं सांगितलं. स्वतःला सांभाळून घेतलं नाही, सबब दिली नाही. माझं नाव फिलुमेना. मी माल्टाची पंच होते. तुम्हाला शेवटी ठेवणारी ती मी. मी कागद उलटा भरला. मला तुम्हाला पहिलं ठेवायचं होतं. माझ्या चुकीने तुमची अंतिम फेरी गेली, ती मी परत देऊ शकत नाही, आणि हे सांगायला मी पाच महिने लावले.

पलीकडे किटलीची शिट्टी थांबली.

“पुन्हा सांगा,” तूली म्हणाली.

“माझ्या चुकीने तुमची अंतिम फेरी…”

“ते नाही. त्याच्या आधीचं.”

“मला तुम्हाला पहिलं ठेवायचं होतं.”

“पहिलं? सोळांत पहिलं?”

“सोळांत पहिलं. दुसरं कुणाला ठेवायचं यावर मी विचार केला. पहिल्यावर केला नाही.”

आता पलीकडे ती रडत होती, हे बाईंना ऐकू येत होतं. त्यांनी बोलणी खायची तयारी केली.

“तुम्हाला माहीत आहे का,” तूली म्हणाली, “सगळ्या देशांच्या सगळ्या पंचांचे कागद मी पाहिलेत. एकूण एक. कुणी मला पाचवं ठेवलं होतं, कुणी सातवं, कुणी नववं. वाईट नाही म्हणून सोडून दिलेलं, असं. पहिलं कुणीच ठेवलं नव्हतं. मला वाटलं, इतक्या माणसांत एकालाही माझं गाणं आपलं वाटलं नाही. अंतिम फेरी गेली त्याचं दुःख महिनाभर झालं. याचं रोज होतं.” तिने नाक ओढलं. “आणि मला पहिलं ठेवणारा कागद होता. मी ज्याच्याकडे बघून रडायचे तोच होता.”

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

“आभारी आहे,” तूली म्हणाली. “मनापासून आभारी आहे. तुम्ही फोन केला नसता तर मला कळलंच नसतं.”

“माझे आभार मानू नका,” बाई कशाबशा म्हणाल्या. “मी तुमचं…”

“मानू द्या.” मग जरा थांबून, भीत भीत, एखादं लहान मूल विचारतं तसं तिने विचारलं, “तुम्हाला वेळ असला तर… त्यातलं तुम्हाला काय आवडलं?”

बाईंनी ढोल बाजूला सरकवला, खुर्ची ओढून बसल्या, आणि गाण्याच्या पहिल्या ओळीपासून सांगायला लागल्या.